मोकळ्या सोडलेल्या ओळी

न्हावरे
बुधवार, ३० जुलै २०२५

ललिता आत्या, जय भीम.

पत्र बघून हसू नकोस. माझा फोन वर्षभर पप्पांच्या कपाटात आहे. नीटची परीक्षा झाली, निकाल लागला, तरी कपाटाला कुलूप ते कुलूपच. घरच्या फोनवर तुझ्याशी बोलायचं तर स्पीकर लावून, सगळ्यांच्या देखत. म्हणून महेंद्रदादाला गाठलं. तो रोज दुधाची गाडी घेऊन दौंडला येतो आणि तुझ्या हॉस्पिटलवरूनच जातो. पत्र आत्याच्याच हातात द्यायचं, असं त्याला दोनदा बजावलंय.

तर ऐक. पप्पांना न सांगता मी नर्सिंगची सीईटी दिली होती. काल यादी लागली आणि पुण्याच्या सरकारी कॉलेजात माझा नंबर लागलाय. बी.एस्सी. नर्सिंग. एकवीस ऑगस्टला संध्याकाळी पाचपर्यंत तिथं जाऊन सीट पक्की करायची, नाहीतर ती पुढच्या मुलीला जाणार. डॉक्टरकीची यादी त्याच्या नंतर लागणार. माझ्या मार्कांवर एमबीबीएस होणं अवघड आहे. बीएएमएस लागेल असं क्लासचे सर म्हणतात, पण लेखी कोण देतंय? म्हणजे ती यादी बघण्याआधीच मला ठरवावं लागणार.

काल रात्रीच्या जेवणाला पप्पांना सांगून टाकलं. ते ताटावरून उठले नाहीत, ओरडलेही नाहीत. एवढंच म्हणाले, की आपल्या घरात एक नर्स झाली तेवढी बस झाली, आता डॉक्टर. या वर्षी नाही झालं तर आणखी एक वर्ष. आत्या, आणखी एक वर्ष हे शब्द ऐकले आणि मी ताट तसंच ठेवून उठले.

मला नर्सच व्हायचंय. मला लोकांची सेवा करायची आहे, तुझ्यासारखी. पप्पा तुझं ऐकतात. एकदा त्यांना फोन कर ना. एवढं करच.

तुझी,
प्राची


दौंड
शनिवार, २ ऑगस्ट

प्राची, जय भीम.

पत्र मिळालं. महेंद्र ते धारेच्या दुधासारखं सांभाळून घेऊन आला, वॉर्डातल्या पोरींना वाटलं लग्नाचा निरोप आहे.

मी दादाला फोन करणार नाही. या बाबतीत मी त्याच्याच बाजूची आहे. सेवा हा शब्द सत्कारात बोलायला बरा असतो. वॉर्डात सेवा नसते, काम असतं. तू मला युनिफॉर्ममध्ये बघितलंस, सणावाराला पेशंटांकडून आलेली मिठाई खाल्लीस. बाकीचं तुला ठाऊक नाही, तर आज एक गोष्ट सांगते.

आमच्याकडे केसपेपरवर ओळी मोकळ्या सोडायची पद्धत आहे. सर, म्हणजे आमचे डॉक्टर, दुपारी हायवेवरच्या त्यांच्या दुसऱ्या दवाखान्यात जातात. ते नसताना पेशंटचं काही बिघडलं की मी फोन लावते, ते औषध सांगतात, मी देते. पण कागदावर मी लिहायचं नाही. चार ओळी कोऱ्या ठेवायच्या. संध्याकाळी सर येतात आणि त्या चार ओळींत दुपारची वेळ टाकून लिहितात, की मी पेशंटला तपासलं, मी औषध दिलं. खाली सही. पेशंटजवळ उभी असते मी, कागदावर उभे असतात सर. एकवीस वर्षं मी अशा ओळी सोडत आले आहे. पहिल्यांदा राग यायचा. नंतर हाताला इतकी सवय झाली, की पेन आपोआप चार ओळी खाली उतरायचं.

म्हणून म्हणते, ओळी सोडणारी होऊ नकोस, लिहिणारी हो. बीएएमएस लागलं तर ते घे, नाहीतर आणखी एक वर्ष काढ. एका वर्षानं कोणी म्हातारं होत नाही.

आणि खरं कारण लिही. सेवा नको.

इकडे सगळं ठीक. या आठवड्यात विशेष काही नाही.

तुझी आत्या


न्हावरे
बुधवार, ६ ऑगस्ट

आत्या,

विशेष काही नाही? तू मला असं कसं लिहू शकलीस?

काल खालच्या वस्तीवरच्या गिताबाई आमच्या घरी आल्या. त्यांच्या मालकांचा, रखमाजीआबांचा, पाय सुजला होता म्हणून त्यांना तुमच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं, हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी आमच्या उंबऱ्यात बसून सगळं सांगितलं. गुरुवारी दुपारी तू आबांना इंजेक्शन दिलंस, डॉक्टरांनी लिहून दिलेलंच, आणि बघता बघता आबांच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला. डॉक्टर नव्हते. तू फोन लावत होतीस. मग तू फोन खाली ठेवलास आणि आबांच्या मांडीत दुसरी सुई दिलीस. गिताबाई पप्पांना म्हणाल्या, "चांगदेवा, तुझ्या भैनीनं माझं कुकू राखलं. डाक्टर आला तवा माझा मानूस उठून बसला व्हता."

पप्पांचं तोंड तू बघायला हवं होतंस. त्यांनी गिताबाईंना दोनदा विचारलं, डॉक्टर नक्की नव्हता का? ते कामावर निघाले तेव्हा आईला म्हणाले, "डाक्टर नसतो, ह्ये लली कवा बोलली न्हाई."

आणि गंमत म्हणजे गिताबाईंच्या पोरानं, पप्पूनं, ते सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलंय. तुझ्या नावासकट. आधी गावच्या ग्रुपवर, तिथून मांडवगण, तिथून वडगाव रासाई. आज पप्पांच्या कंपनीतल्या लोकांनी त्यांना विचारलं, ही तुमचीच बहीण का? आता बोल, नर्स म्हणजे नुसत्या ओळी सोडणारी का? आता तरी पप्पांना फोन कर. लोखंड तापलंय तोवर.

तुझी,
प्राची


दौंड
शनिवार, ९ ऑगस्ट

प्राची,

फोन करणार नाही. कारण नीट वाच आणि पत्र फाडून टाक.

त्या गुरुवारी मी ओळी सोडल्या नाहीत. का, ते मला सांगता येत नाही. आबा शुद्धीवर आले, मी खुर्चीवर बसले आणि लिहून काढलं. २.५० इंजेक्शन दिले. २.५४ श्वास अडकला. सरांना तीन वेळा फोन, उचलला नाही. २.५६ अ‍ॅड्रेनॅलिन मी दिले. ३.४० सर आले. एक ओळ कोरी ठेवली नाही. सरांनी पान वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि फाइल मिटली. ते पान तिथंच पडून राहिलं असतं. कोणी बघायला येत नाही.

मग तो मेसेज आला. 'डॉक्टर हजर नसताना सिस्टर ललिता यांनी वेळेवर अ‍ॅड्रेनॅलिन देऊन रखमाजी यांचे प्राण वाचवले.' परवापासून लोक खिडकीवर येऊन विचारतात, डॉक्टर असतात ना हो दुपारी? काल सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. एक कोरा केसपेपर पुढं ठेवला. म्हणाले, सिस्टर, हे पान पुन्हा लिहा, तुमच्या नेहमीच्या पद्धतीनं. म्हणजे ओळी सोडून. मुदत अठरा तारखेच्या सोमवारपर्यंत. नाहीतर डॉक्टरच्या ऑर्डरशिवाय इंजेक्शन दिलं म्हणून मला काढणार आणि नर्सिंग कौन्सिलकडे तक्रार करणार. आबा वाचले याला त्यांच्या लेखी अर्थ नाही. मला ते देण्याचा हक्क नव्हता, एवढंच.

मी लिहून देईन. माझं वय चव्वेचाळीस आहे, या वयात कुठं दार ठोठावू? आबांच्या तब्येतीला त्यानं काही फरक पडत नाही.

तुला मात्र आता कळलं असेल. तेच इंजेक्शन डॉक्टरनं दिलं असतं तर कोणी एक प्रश्न विचारला नसता. पुण्याची सीट सोडून दे.

तो मेसेज कोणी लिहिला हे तुला ठाऊक असेल तर कळव.

आत्या


न्हावरे
मंगळवार, १२ ऑगस्ट

आत्या,

तीन दिवस पत्र लिहितेय आणि फाडतेय.

तू खरं कारण मागितलं होतंस. देते. परीक्षेत माझ्या हाताला मुंग्या आल्या. बायोलॉजी झालं होतं, फिजिक्स समोर होतं आणि मला अक्षरं दिसत होती पण वाचता येत नव्हती. एकवीस प्रश्नांना मी हातच लावला नाही. बाहेर आले तेव्हा पप्पा गेटवर लिंबू सरबताची बाटली घेऊन उभे होते. मी म्हणाले, पेपर मस्त गेला. मागच्या वर्षीही असंच झालं होतं. हे कोणालाच माहीत नाही.

मी नर्सिंगची सीईटी दिली ती सेवेसाठी नाही. तिकडे एवढी भीती नसेल असं वाटलं म्हणून. डॉक्टरवर सगळं असतं, नर्सला कोणीतरी सांगतं आणि ती करते, असं मला वाटायचं. मी पळत होते आत्या. आणि पळताना तुझं नाव पुढं करत होते.

आता तुझं वाचून मला काहीच कळेनासं झालंय. काल पप्पांनी मला समोर बसवून विचारलं, पुण्याचं काय करायचं. गिताबाई येऊन गेल्यापासून ते सरळ नाही म्हणत नाहीत. मीच म्हणाले, माहीत नाही. नऊ दिवस उरलेत.

तू ते पान परत लिहिणार आहेस का? मला तुला काही शिकवायचं नाही. फक्त एक विचारते. फोन खाली ठेवून तू सुई हातात घेतलीस, तेव्हा तुला भीती वाटली होती का?

मेसेजचं म्हणशील तर, पप्पूच्याच फोनवरून गेलाय.

प्राची


दौंड
शुक्रवार, १५ ऑगस्ट

प्राची, जय भीम.

झेंडावंदन करून आले आणि लिहायला बसले. हे रेल्वेच्या ड्युटीवर गेलेत, घर रिकामं आहे.

तू सांगितलंस ते बरं केलंस. एकवीस प्रश्न सोडल्याचा मला राग नाही. दादा सरबत घेऊन उभा होता आणि तू त्याच्याशी खोटं बोललीस, याचा थोडा आहे. पण तेही जाऊ दे.

भीती विचारलीस. तर ऐक, हे मी यांनाही सांगितलं नाही. मला इतकी भीती वाटली की दोन्ही कानांत दडे बसले. गिताबाई काहीतरी ओरडत होत्या, मला त्यांचं तोंड हललेलं दिसत होतं, आवाज येत नव्हता. मला ठाऊक होतं काय द्यायचं, किती द्यायचं, कुठं द्यायचं. गेल्या एकवीस वर्षांत असं चार वेळा झालेलं मी बघितलंय आणि चारही वेळा फोनवर सर तेच बोलले होते. पण तेव्हा कोणीतरी बोललं होतं. या वेळी नुसती रिंग वाजत होती. माझ्या मनात आलं, आता दिलं आणि आबा गेले तर लोक म्हणतील नर्सनं मारलं. न देता गेले तर म्हणतील डॉक्टर नव्हता. न देणं माझ्या फायद्याचं होतं. हे मला तिथं, त्या क्षणी, अगदी स्पष्ट कळलं. आणि मी आबांच्या डोळ्यांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, दुसरं कोणी नव्हतंच तिथं बघायला.

मी म्हटलं, "आबा, माझ्याकडं बघा. मी कुठं जात न्हाई." आणि दिलं.

तेव्हा नर्सला कोणीतरी सांगतं आणि ती करते, हे डोक्यातून काढून टाक. डॉक्टर पंधरा मिनिटं येतो. उरलेला सगळा दिवस पेशंट आणि तू. भीती तिथं आहेच. तिथं कमी आहे म्हणून येणार असशील तर येऊ नकोस.

पानाचं अजून काही केलेलं नाही. कोरा केसपेपर पर्समध्ये आहे. दोनदा काढला, पहिल्या दोन ओळी लिहिल्या की पेन थांबतं. आता मध्ये मोकळी जागा सोडायची, आणि तीच सोडवत नाही.

तुझ्या पत्रात मेसेजबद्दल एकच ओळ होती, तीही सगळ्यात खाली. ती मला आवडली नाही.

तुझी आत्या


न्हावरे
रविवार, १७ ऑगस्ट

आत्या,

मेसेज मी लिहिला.

गिताबाईंच्या मागोमाग पप्पू त्यांना न्यायला आला होता. तो नुसता फोटो टाकणार होता. मी त्याचा फोन मागून घेतला आणि लिहिलं. 'डॉक्टर हजर नसताना' हे शब्द माझे आहेत. पप्पांनी वाचावं आणि त्यांना कळावं, म्हणून मी ते मुद्दाम सुरुवातीला घातले. तुझं काय होईल हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. तुझी नोकरी जाणार आहे ती माझ्यामुळं. तू विचारलंस तेव्हाही मी पप्पूच्या फोनवर ढकललं.

तू ते पान लिहून दे. माझ्यामुळं तू घरी बसू नकोस. मी पुण्याला जाणार नाही, तू म्हणशील ते करीन, आणखी पाच वर्षं परीक्षा देईन. हे पत्र उद्या सकाळी महेंद्रदादा तुला देईल. तू हॉस्पिटलात शिरायच्या आधी देईल, मी त्याला हात जोडलेत.

प्राची


दौंड
मंगळवार, १९ ऑगस्ट

प्राची, जय भीम.

महेंद्र काल गेटवर गाडी आडवी लावून उभा होता. मागं हॉर्न वाजत होते, पण पत्र दिल्याशिवाय हलला नाही. मी ते आत जाण्याआधी वाचलं.

मेसेज तुझा आहे हे मला पहिल्याच दिवशी समजलं होतं. त्या घरात अ‍ॅड्रेनॅलिन हे नाव कोणाला येतंय? गिताबाई मांडीतली सुई म्हणतात. पुस्तकात वाचून जिला ते ठाऊक होतं अशी एकच मुलगी तिथं बसली होती. मी वाट बघत होते, तू केव्हा सांगतेस याची.

आता नीट ऐक, कारण हे मी नव्या पोरींना पहिल्या दिवशी सांगते. वॉर्डात चूक होते. सगळ्यांच्या हातून होते, माझ्याही झाल्यात. चुकीच्या पेशंटला गोळी जाते, सलाईन जास्त वेगानं सुटतं. त्यानं पेशंट बहुधा दगावत नाही. पेशंट दगावतो तो ती चूक लपवल्यानं. म्हणून चूक झाली की तासाच्या आत जाऊन सांगायची, मग समोर कोणीही असो, तोंडात मारलं तरी चालेल. तुला बारा दिवस लागले. बारा दिवसांत माणूस जातो प्राची.

हे मी तुला चिडून लिहितेय, आणि मी चिडलेलीच आहे. दोन दिवस जेवताना घास गोड लागला नाही.

पण हेही लिहिते, की ते पत्र वाचून मी आत गेले आणि सरांच्या टेबलावर तो केसपेपर ठेवला. माझ्या दोन ओळी सोडल्या तर कोरा. म्हटलं, सर, पहिलं पान खरं आहे, दुसरं मला लिहिता येणार नाही. त्यांनी विचारलं, सिस्टर, एकवीस वर्षं लिहीत होतात ना? मी म्हटलं, होय, ती माझी चूक होती, सांगायला उशीर झाला. अर्ध्या तासानं अकाउंटवाल्या बाईनं सांगितलं, उद्यापासून येऊ नका. अनुभवाचा दाखला मिळणार नाही. कौन्सिलचं पत्र येईल तेव्हा येईल. वॉर्डातली सुषमा रडली, तिला मीच गप्प केलं. कपाट रिकामं केलं आणि भर बारा वाजता चालत घरी आले. एकवीस वर्षांत दुपारचं दौंड मी बघितलंच नव्हतं.

घाबरलेली आहे. खोटं कशाला सांगू? यांनी काल दोनदा विचारलं, आता काय? मी भांडी घासायला घेतली.

पुण्याचं तू ठरव. मी दोन पत्रांत नको म्हणाले, ते मी माझ्यावर चिडून म्हणत होते, तुझ्याकडे बघून नाही. माझ्यासाठी जाऊ नकोस आणि माझ्यावर उपकार म्हणून सोडूही नकोस. परवा पाच वाजता मुदत संपते. जाशील किंवा राहशील, पण दादाला सगळं सांगून.

तुझी आत्या


न्हावरे
गुरुवार, २१ ऑगस्ट

ललिता आत्या, जय भीम.

तुझं पत्र काल सकाळी अकराला मिळालं. पप्पांची दुसरी पाळी होती, ते डबा भरून निघतच होते. मी घड्याळ बघितलं आणि तासाच्या आत सांगितलं. एकवीस प्रश्न सांगितले, सरबताच्या बाटलीजवळचं खोटं सांगितलं, मेसेज सांगितला, तुझी नोकरी गेली ते सांगितलं. आई मध्ये बोलायला लागली तर पप्पांनी तिला हातानं थांबवलं.

मेसेजचं ऐकून ते उठले. मला वाटलं मारतात. आजवर त्यांनी माझ्यावर हात उचललेला नाही, पण वाटलं. ते दारापर्यंत गेले, चप्पल घातली, परत काढली आणि आत येऊन बसले. काल कामावर गेलेच नाहीत. संध्याकाळी चारच्या सुमारास मला हाक मारली आणि एकच विचारलं.

"भिऊन चाललीयस का तिकडं?"

मी म्हणाले, "भीती हाय पप्पा. पन आता पळत न्हाई. पळायचं आसतं तर घरीच बसले आसते, आनखी एक वर्ष."

खरं सांगते आत्या, हे मला बोलताना कळलं. त्याआधी मी ठरवलेलं नव्हतं. आबांच्या डोळ्यांबद्दल तू जे लिहिलंस ते मी किती वेळा वाचलं असेल कोणास ठाऊक. त्या जागी मी टिकेन की नाही, हे मला माहीत नाही. पण मला तिथंच उभं राहायचंय, पंधरा मिनिटं येऊन जायचं नाही. परीक्षेच्या कागदापुढं माझे हात बधिर झाले. माणसापुढं होतात का, ते बघायचं आहे.

आज सकाळी पहिल्या एसटीनं आम्ही दोघं पुण्याला गेलो. कागदांची पिशवी पप्पांनी वाटभर मांडीवर धरली होती. कॉलेजातल्या क्लार्कनं माझे नीटचे मार्क बघून म्हटलं, अहो, थांबलात तर डॉक्टरकी लागेल, विचार केलाय का? पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणाले. तीन वाजून वीस मिनिटांनी सीट पक्की झाली, पावती पप्पांच्या खिशात आहे.

रविवारी पप्पा तुझ्याकडे येणार आहेत. गिताबाई आणि रखमाजीआबाही येतो म्हणतात. त्या गुरुवारी काय झालं ते दोघं अंगठे देऊन लिहून द्यायला तयार आहेत, कौन्सिलपुढं यायलाही तयार आहेत. त्यानं तुझी नोकरी परत येईल असं मी म्हणत नाही. मला तुझ्यासमोर यायला तोंड नाही, तरी येणार आहे. तुला काय बोलायचं ते समोर बोल.

एक सांगायचं राहिलं. येताना एसटीला गर्दी होती. पप्पांच्या कंपनीतले म्हाळूकाका पुढच्या सीटवर होते. त्यांनी वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, काय चांगदेवराव, झालं का पोरीचं डॉक्टरकीचं? मी खिडकीकडे तोंड केलं. दोन वर्षं पप्पा या प्रश्नाला पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत आले होते. ते आज काय म्हणतील ते मला ऐकायचंच नव्हतं.

पप्पा दांडा धरून उभे राहिले आणि म्हणाले, "न्हाई. तिच्या आत्यासारखी व्हनार हाय."

तुझी,
प्राची